वाकलेले पत्ते

पुण्याची हवा बदलली की माझे पत्ते वाकतात. एप्रिलच्या कोरड्या दुपारी पत्ता चित्र वर करून टेबलावर ठेवला, तर तो पालथ्या वाटीसारखा मधून उचललेला दिसतो. जूनच्या शेवटाला ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या हडपसरच्या गाडीतळावर येतात, एक दिवे घाटाकडे वळते, दुसरी सोलापूर रस्त्याने लोणीकडे जाते, आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांत तोच पत्ता उलट बाजूला वाकून कडा वर करतो. कपाटात मी एक छोटा आर्द्रतामापक ठेवलाय. एप्रिलमध्ये त्यावर २२ टक्के पाहिलेत आणि जुलैमध्ये ८४. पण मापकाकडे बघायची गरज फारशी पडत नाही. पत्ते सांगतात.

हे साधे पत्ते नव्हेत. 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळाचे फॉइल पत्ते आहेत. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञाने हा खेळ अमेरिकेत काढला. दोन खेळाडू म्हणजे दोन मांत्रिक. प्रत्येकाकडे स्वतः निवडून बांधलेला, किमान ६० पत्त्यांचा गठ्ठा. त्यात जमिनी, प्राणी, मंत्र, यंत्रं. जमिनीतून शक्ती मिळवायची, ती खर्चून बाकीचे पत्ते खेळायचे आणि समोरच्याचे २० गुण शून्यावर आणायचे. आपल्या बावन्न पत्त्यांच्या जोडापेक्षा यात मोठा फरक असा, की इथे संपूर्ण जोड कुणाकडेच नसतो. आजवर हजारो वेगवेगळे पत्ते छापले गेलेत आणि ते बंद पाकिटांतून विकले जातात. पाकिटात काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही.

त्यातल्याच काही पत्त्यांची एक चकचकीत आवृत्ती असते, तिला फॉइल म्हणतात. १९९९ च्या 'उर्झाज लेगसी' या संचापासून पाकिटांत हे पत्ते निघू लागले. कागदाच्या गाभ्यावर धातूसारखा चमकणारा पातळ पापुद्रा असतो आणि त्यावर चित्र छापलेलं असतं. जिथे खालून पांढऱ्या शाईचा थर दिलाय तिथे चित्र नेहमीसारखं दिसतं, जिथे दिलेला नाही तिथे पत्ता हलवला की इंद्रधनुष्य सरकतं. वाकण्याचं कारणही हेच. कागद हवेतलं पाणी पितो आणि फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. पापुद्रा यातलं काहीच करत नाही. दोघं एकमेकांना घट्ट चिकटलेले, त्यामुळे एकाने अंग बदललं की पत्ता वाकणारच.

खेळाच्या दृष्टीने फॉइलचा उपयोग शून्य आहे. साध्या पत्त्यावर जो मजकूर, तोच फॉइलवर. ताकद तीच, किंमत तीच. उलट थोडा तोटाच. वाकलेला पत्ता गठ्ठ्यात पाठमोरासुद्धा ओळखू येतो, आणि स्पर्धेत असा पत्ता खुणेचा मानून पंच तो बदलायला लावू शकतो. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. उपयोग नसलेली, वर त्रास देणारी गोष्ट आमच्याकडे कोडमधून काढून टाकतात. घरी मात्र मी त्याच गोष्टींचे तीन अल्बम भरून ठेवलेत.

याची सुरुवात २०१६ साली झाली. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. तोवर माझ्या पिढीच्या बहुतेक मुलांसारखा माझा पत्त्यांचा इतिहास म्हणजे चिप्सच्या पाकिटातले टाझो, कुस्तीवाल्यांची ट्रम्प कार्डं आणि वाण्याकडे दोन-दोन रुपयांना मिळणारे नकली पोकेमॉन. त्या नकली पत्त्यांतही दहात एक चकचकीत निघायचा आणि त्याच्या बदल्यात चार साधे मिळायचे. हा भाव कुणी ठरवलेला नव्हता, पण मधल्या सुट्टीत तो सगळ्यांना ठाऊक असायचा.

२०१६ च्या सप्टेंबरअखेर मॅजिकचा 'कलादेश' नावाचा संच आला. हॉस्टेलवरच्या एका सीनियरने लॅपटॉपवर त्याची चित्रं दाखवली आणि आम्ही बघतच राहिलो. तोवर या खेळातली बरीचशी जगं म्हणजे युरोपातले किल्ले, ड्रॅगन आणि बर्फ. इथे घिरापूर नावाचं शहर होतं. सोलापूरच्या गाडीत झोप लागली तर चुकून उतरू असं नाव. जाळीदार पितळी नक्षीची यंत्रं, साडीसारखं वस्त्र नेसलेली साहिली राय नावाची कारागीर बाई, रश्मी नावाची संशोधक, गल्लीबोळांतून उडणाऱ्या यंत्रांच्या शर्यती. भारतावरून प्रेरणा घेऊन, बाहेरून बघत, बऱ्यापैकी प्रेमाने काढलेलं ते जग होतं. चुका शोधायच्या तर सापडतात. पण एकोणीस वर्षांच्या मुलाला आपल्या ओळखीचे चेहरे जादूच्या पत्त्यावर पहिल्यांदा दिसले, तेव्हा तो चुका शोधत बसला नाही.

नावाची गंमत मात्र आम्हाला तेव्हाच कळली होती. कंपनीच्या मनात 'कला' असावी, पण हिंदी कानाला त्यात 'काला देश'ही ऐकू येतो. आपल्याकडे ल आणि ळ वेगळे असल्यामुळे मराठी माणूस सुटतो, इंग्रजी लिपीत लिहिणाऱ्याची सुटका नाही. पुढे २०२५ च्या 'इथरड्रिफ्ट' या संचात त्या जगाचं नाव बदलून आविष्कार केलं गेलं. पहिलं अक्षर 'अ' की 'आ', हा अस्सल पुणेरी वाद रोमन स्पेलिंगने परस्पर मिटवला.

तर त्या संचातले, जमिनी धरून, २६४ पत्ते. ते सगळे फॉइलमध्ये जमवायचे, असं मी नोकरी लागल्यावर ठरवलं. विद्यार्थीदशेत ते शक्यच नव्हतं. एका पाकिटाच्या पैशांत मेसचे तीन-चार दिवस निघायचे आणि फॉइल काही दर पाकिटात निघत नसे. नोकरी मगरपट्ट्यात, घर ससाणेनगरच्या बाजूला. ऑनसाइटला जाणाऱ्यांना लोक चॉकलेटं आणि परफ्यूम सांगतात, मी पत्त्यांची यादी देतो. एका पत्त्याचं वजन दोन ग्रॅमही नसतं, त्यामुळे कुणी नाही म्हणत नाही. आज माझ्याकडे २६४ पैकी २५३ आहेत. अकरा बाकी.

आईने एकदा अल्बम चाळला. मग विचारलं, "अरे, हे खेळायचे असतात की ठेवायचे?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"पण तू तर यांना हात लावू देत नाहीस."

तिच्या प्रश्नात टोमणा नव्हता. तिच्याकडेही लग्नातला चांदीचा करंडा आहे, तो वापरत नाहीत हे तिला ठाऊक आहे. पण पत्ते म्हणजे आमच्या घरी बाबांचे पत्ते. बाबा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांचा रविवारचा मेंढीकोट मला आठवतंय तेव्हापासून चालू आहे. त्यांचा जोड हाताळून हाताळून कापडासारखा मऊ झालाय. त्यातली चौकट सत्ती कधीच हरवली. तिच्या जागी एक जोकर आहे, त्यावर बॉलपेनने 'चौकट ७' लिहिलेलं. गेली पंधरा वर्षं तो जोकर इमानेइतबारे सत्तीचं काम करतोय आणि कुणाचंही अडलेलं नाही. मॅजिक खेळणारेही महागड्या पत्त्याऐवजी असाच कागद घालून घरी खेळतात, त्याला प्रॉक्सी म्हणतात. थोडक्यात, खेळाला पत्त्याचं शरीर लागतच नाही. नाव आणि नियम पुरतात. आणि जमवणाऱ्याला नेमकं शरीरच हवं असतं.

हे कंपनीला आमच्याआधी कळलेलं आहे. २०१९ पासून खास संग्राहकांसाठी वेगळी महाग पाकिटं निघू लागली, ती बहुतांशी फॉइलने भरलेली. २०२४ पासून साध्या पाकिटातही एक फॉइल हमखास असतं. एकाच पत्त्याच्या चार-पाच चकचकीत आवृत्त्या निघतात: कडा नसलेली, जुन्या चौकटीतली, वेगळ्या पोताची. परिणाम व्हायचा तो झाला. सगळंच चमकायला लागल्यावर चमकीचा भाव उतरला. मधल्या सुट्टीतला एकाला चारचा दर आज कुणी देणार नाही. मला यात फसवलं गेल्यासारखं वाटत नाही. पाकीट ही मुळात सोडत आहे आणि सोडतीचं गणित मी पदवीला शिकलोय. पण दुर्मीळपणा काढून घेतल्यावर या पत्त्यात माझ्यासाठी काय उरतं, हा प्रश्न तेव्हापासून मागे लागला.

त्याचं अर्धं उत्तर मिळालं ते सावंतवाडीत.

दोन वर्षांपूर्वी आम्ही मित्र गोव्याला निघालो होतो. आमच्यातल्या एकाने सावंतवाडीला थांबायचा हट्ट धरला, कारण तिथल्या राजवाड्यात गंजिफा बनवतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. हा खेळ मुघलांबरोबर हिंदुस्थानात रुजला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अकबराच्या दरबारात बारा रंगांचा, १४४ पत्त्यांचा जोड होता, त्याचं वर्णन अबुल फजलने करून ठेवलंय. पुढे आठ रंगांचा, ९६ पत्त्यांचा जोड सगळीकडे रुळला. आपल्याकडे त्याची दशावतारी गंजिफा झाली. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, एकूण १२० पत्ते. मत्स्यापासून कल्कीपर्यंत. काल्पनिक जग, त्यातले वीर, त्यांची चिन्हं, प्रत्येकाची ठरलेली ताकद. मी मित्राला म्हटलं, हे तर आपलंच.

राजवाड्यात कारागीर बारीक कुंचल्याने रंगवत बसले होते. तिथे दोन प्रकार कळले. दरबारी गंजिफा म्हणजे कडेला नक्षीची चौकट असलेली, आणि बाजारी म्हणजे तशी चौकट नसलेली, साधी. रंग तेच, बळ तेच, खेळ तोच. फक्त एक राजाच्या हातात शोभायची आणि दुसरी पारावर खेळायची. श्रीमंतांकडे तर हस्तिदंताच्या आणि कासवाच्या पाठीच्याही गंजिफा असत. म्हणजे नियमांत काडीचा फरक न पाडणारी चकाकी विकत घेणारा मी काही पहिला नव्हे, शेकडो वर्षांची परंपरा आहे.

पण तिथली दुसरी गोष्ट जास्त लागली. विसाव्या शतकात ही कला संपत आली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती पुन्हा उभी केली, आणि सत्त्वशीलादेवी स्वतः हे काम शिकल्या. त्यांनी ते केलं नसतं तर आज बघायला काही उरलं नसतं. आज गंजिफा विकल्या जातात, चौकटीत बसतात, भिंतीवर लागतात, लग्नात भेट म्हणून दिल्या जातात. आणि खेळणारे? आमच्या सहा जणांच्या गाडीत कुणाच्याही आजीने, पणजोबाने गंजिफा खेळल्याची आठवण नव्हती. मी एक दशावतारी जोड घेतला. तो अजून विकला जातो तो सुंदर आहे म्हणून. सौंदर्याने पत्ते वाचवले, खेळ काही वाचला नाही.

हडपसरला परत आल्यावर ठरवलं, की एकदा तरी खेळून बघायचं. नियम शोधले. हुकूम नसतो. साधारण तीन जण खेळतात, म्हणजे प्रत्येकाच्या हातात चाळीस पत्ते. पाच रंगांत दश्शी वरचढ आणि एक्का सगळ्यांत खाली, उरलेल्या पाचांत नेमकं उलट. दिवसा खेळ असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने उतारी करायची, रात्री असेल तर कृष्णाचा राजा असणाऱ्याने.

एका शनिवारी संध्याकाळी मी, आमच्यातला एक टेस्टिंगवाला आणि तिसरा कुणी मिळेना म्हणून बाबा, असे बसलो. पहिली अडचण पिसण्याची. गोल पत्ते पिसता येत नाहीत. ते चादरीवर पसरून दोन्ही हातांनी कालवावे लागतात, आई म्हणाली तसं, पोहे कालवल्यासारखे. दुसरी अडचण चाळीस पत्ते हातात धरायची. तिसरी, घड्याळात पावणेसात वाजले होते आणि बाहेर धड उजेड नव्हता की धड अंधार. रामाने सुरू करायचं की कृष्णाने? टेस्टिंगवाला म्हणाला, ही अस्सल सीमारेषेची केस आहे. बाबा म्हणाले, "देवापुढं दिवा लागलाय, रात्र झाली." विषय संपला.

पहिला डाव आम्ही चाचपडत खेळलो. दुसऱ्या डावात बाबा जिंकायला लागले. कारण सोपं होतं. मेंढीकोटात कुठला पत्ता गेला आणि कुठला राहिला हे लक्षात ठेवायची त्यांना चाळीस वर्षांची सवय, आणि गंजिफा हा बराचसा स्मरणाचाच खेळ आहे. आम्ही दोघं चित्रं बघत होतो, बाबा मोजत होते. तिसऱ्या डावात त्यांनी वराहाचा प्रधान इतक्या जोरात आपटला की मी दचकून म्हणालो, "बाबा, हळू, हाताने रंगवलेला आहे!"

"मग खेळायला कशाला काढलास?" ते म्हणाले. आणि पुढचा पत्ता तितक्याच जोरात टाकला.

आम्ही साडेनऊपर्यंत खेळलो. एका पत्त्याच्या कडेला रंगाचा टवका उडालाय. तो कधी उडाला ते मला माहीत आहे.

एवढ्यावर हे थांबलं असतं तर एक गमतीची आठवण म्हणून राहिलं असतं. पण त्याच वर्षी आमच्या मॅजिकच्या टेबलाला गळती लागली. आम्ही दर रविवारी सहा-सात जण जमायचो, कधी अमनोराच्या बाजूला एकाच्या फ्लॅटवर, कधी माझ्याकडे. आधी एक जण कॅनडाला गेला. मग दुसऱ्याचं लग्न झालं आणि तो बाणेरला राहायला गेला, हडपसरहून रविवारी संध्याकाळच्या वाहतुकीत ते जवळपास कॅनडाइतकंच लांब. मग सावंतवाडीचा हट्ट धरणारा मित्र जर्मनीला निघाला. आमच्यातला तो सगळ्यांत जुना खेळाडू.

सामान बांधायला मी गेलो होतो. तेवीस किलोच्या दोन बॅगा. त्यात आईने दिलेले मसाले, प्रेशर कुकर, कपडे. पत्त्यांसाठी जागा नव्हती. त्याने त्याचे फॉइल आणि महाग पत्ते वेगळे काढले. सगळे मिळून एका डब्यात मावले, वजन पाव किलोसुद्धा नसेल, आणि किमतीच्या दृष्टीने संग्रहाचा मोठा भाग त्यातच होता. तो डबा त्याने हातातल्या बॅगेत टाकला. उरले सुमारे चार हजार साधे पत्ते. ते हापूसच्या दोन रिकाम्या पेट्यांत भरून त्याने माझ्या गाडीत ठेवले. म्हणाला, "यांना तिकडे न्यायचा खर्च यांच्यापेक्षा जास्त होईल. ठेव तुझ्याकडे. कुणी शिकणारं भेटलं तर दे."

गाडीतळाच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मागच्या सीटवर सावंतवाडीच्या नेमकं उलट प्रकरण आहे. तिथे चकाकी राहिली आणि खेळ गेला. इथे चकाकी विमानाने गेली आणि खेळ पेट्यांत भरून हडपसरला राहिला. त्या चार हजार पत्त्यांतून पंचवीस-तीस गठ्ठे सहज बांधता येतात. माझ्या २५३ फॉइलमधून एकही माणूस खेळायला शिकलेला नाही. अल्बम बघून लोक "भारी आहे" म्हणतात आणि मोबाइल काढतात.

याचा अर्थ फॉइल फालतू, असं मला म्हणायचं नाही. तसं म्हणणारे शुद्धतावादी प्रत्येक टेबलावर एक असतात आणि बहुतेक वेळा त्यांच्याकडे घरी स्वतःचा डबा असतो. सावंतवाडीला चकाकी नसती तर वराहाचा प्रधान बाबांच्या हातात आलाच नसता. पण मधल्या काळात हा खेळ कुणाच्या तरी ओसरीवर थांबला तो ठरवून थांबला नसणार. एक जण शहरात गेला असेल, एकाचं लग्न झालं असेल, तिसरा मिळाला नसेल. चाळीस-चाळीस पत्त्यांचा खेळ दोघांत होत नाही. जोड फडक्यात बांधून माळ्यावर गेला असेल. संपण्याची वेळ कुणी नोंदवत नाही.

आमच्या टेबलाच्या बाबतीत ती वेळ मला दिसत होती. आम्ही तीन उरलो होतो.

मग मी दोन गोष्टी केल्या. पेट्यांतल्या साध्या पत्त्यांचे आठ गठ्ठे बांधले, शिकायला सोपे, एकमेकांच्या तोडीचे, आणि सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी दोन तास टेबल लावायला सुरुवात केली. पहिले दोन रविवार कुणीच आलं नाही. तिसऱ्या रविवारी पोकेमॉनचे पत्ते घेऊन फिरणारी दोन मुलं आली, सातवी-आठवीतली. त्यांना इंग्रजी मजकूर माझ्यापेक्षा भरभर वाचता येतो. त्यांच्यातल्या एकाची आई बाजूला बसायची, ती पाचव्या आठवड्यात स्वतःच खेळायला बसली आणि आता सहसा जिंकते. कधी चौघं असतात, कधी नऊ. पावसाळ्यात वीज गेली की मोबाइलच्या उजेडात चालतं.

दुसरी गोष्ट, अल्बममधले साठ पत्ते बाहेर काढून मी स्वतःचा गठ्ठा फॉइलचा केला. जमिनीसकट. ते दोन्ही ऋतूंत वाकतात. स्लीव्ह चढवल्यावर थोडे सरळ होतात, पण गठ्ठा किंचित फुगलेला दिसतोच. मुलांनी पहिल्याच दिवशी हे पकडलं: "काका, तुमचा पत्ता मागूनच कळतो." मग ठरलं, की माझा गठ्ठा दर वेळी समोरच्याने काटायचा, म्हणजे तक्रार नको. मी साहिली राय टेबलावर टाकली की ट्यूबलाइटखाली इंद्रधनुष्य सरकतं आणि मुलं "ओऽऽ" करतात. अल्बममध्ये असताना तिला कुणी "ओऽऽ" केलं नव्हतं.

झीज होते आहे. दोन पत्त्यांच्या कोपऱ्यांवर पांढरं दिसायला लागलंय. एका मुलाने वेफरच्या हाताने जंगलाचा पत्ता उचलला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला आणि बाबांचं वाक्य आठवून मी गप्प बसलो.

यंदा ऑफिसातली एक सहकारी तीन आठवड्यांसाठी सिएटलला चालली आहे. तिने नेहमीसारखं विचारलं, "तुझी यादी पाठव." अकरा पत्त्यांची यादी फोनमध्ये तयार आहे, पाच वर्षांपासून. मी ती पाठवली नाही. तिला स्लीव्हची दहा पाकिटं आणायला सांगितली. मुलांच्या गठ्ठ्यांना पुरत नाहीयेत.